गल्ल्यासाठी जीव पणाला लावायला सांगणारा मेसेज

दुकानदारांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लुटारू मुळात भित्रे असतात, लगेच अंगावर गेलात की पळतात, चेहरा नीट पाहून ठेवा, कॅमेरा लावला की काळजी मिटली, आणि पळालाच तर मागे लागा. वाचायला जोरदार आहे. गल्ल्यामागे उभं राहणाऱ्याच्या मात्र यातलं काहीच कामाचं नाही.

लुटारू भित्रा असतो, हे धरून चालू. पण हातात शस्त्र असलेला भेदरलेला माणूस जास्तच धोक्याचा. त्याला घाई असते. मागेल ते द्या आणि त्याची वाट मोकळी ठेवा. हात दिसतील असे ठेवा, हलण्याआधी सांगा: "चावी खिशात आहे, काढतो." न सांगता खिशाकडे गेलेला हात त्याला भलताच वाटू शकतो. अलार्मचं बटण त्याच्यादेखत चाचपू नका.

आणि एक गोष्ट मालकांसाठी, जी मेसेजवाल्याच्या गावीही नाही. गल्ल्यातली तूट नोकराच्या पगारातून कापत असाल, तर "विरोध करू नकोस" हे तोंडी सांगण्याला काही अर्थ नाही. तो पगार वाचवायला झटापट करणारच. लुटीची तूट कापली जाणार नाही, हे कामावर घेतानाच सांगा आणि नंतर "तू अडवलं का नाहीस" विचारू नका.

चेहरा पाहण्याचं म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना कॅशिअरवर पिस्तूल रोखणारं गिऱ्हाईक दाखवलं, काहींना चेक देणारं. पिस्तूल पाहणाऱ्यांची नजर पिस्तुलावरच खिळली, आणि नंतर माणूस ओळखताना ते कमी पडले. टक लावून पाहिलं तर तो बिथरेल, ते वेगळंच. त्यापेक्षा दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करून ठेवा, बाहेर पडताना त्याचं डोकं कुठवर आलं तेवढं बघा. जमलं तर बूटही. जॅकेट तो पुढच्या वळणावर फेकून देईल, बूट सहसा नाही.

आता कॅमेरा. छताला टांगलेल्या कॅमेऱ्यात दिसतं काय? टोपीचा वरचा भाग. शिवाय कॅमेऱ्याचं घड्याळ तासभर पुढे, आणि रेकॉर्डर काउंटरखाली, म्हणजे लुटारूला आयताच. एक तरी कॅमेरा दाराशी, चेहऱ्याच्या उंचीवर हवा. रेकॉर्डर आतल्या खोलीत, कुलपात. तरीही कॅमेरा मुख्यतः नंतरच्या तपासाला उपयोगी. मुळात लूट टाळायची तर सेव्हन-इलेव्हन या दुकानसाखळीने १९७० च्या दशकात काय केलं ते बघा: तिने चक्क माजी लुटारूचाच सल्ला घेतला. गल्ल्यात रोकड कमी ठेवली, काचेवरच्या जाहिराती काढल्या, गल्ला रस्त्यावरून दिसेल असा केला. थोड्या पैशांसाठी, सगळ्यांच्या नजरेसमोर कोण धोका पत्करेल? बँकेत भरणा करायची वेळ आणि रस्ताही रोज बदलावा.

पाठलागाबद्दल फार बोलायला नको. गेला ना? दार आतून लावा, कुणाला लागलंय का बघा, पोलिसांना फोन करा. त्याने हात लावलेलं काहीही पुसू नका, धमकीची चिठ्ठी टाकून गेला असेल तर तीसुद्धा जागच्या जागी राहू द्या. गिऱ्हाइकांना थांबायची विनंती करा आणि प्रत्येकाला कागद-पेन देऊन वेगवेगळं बसवा. आपसात बोलले की पहिल्याने सांगितलेला लाल शर्ट पाचही जणांना आठवायला लागतो.