समोरच्या दारावरची काळी पट्टी: आपल्या एका स्टारला उत्तर

नमस्कार. आम्ही बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांबद्दल आपण एक स्टार दिलात. आपले आक्षेप तीन आहेत. आम्ही पॅसेजच्या कॅमेऱ्यात समोरच्या फ्लॅटचं दार काळ्या पट्टीने झाकलं, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवलं, आणि आजींच्या देखभालीला राहणाऱ्या बाईंच्या खोलीत छुपा कॅमेरा लावायला नकार दिला. "पैसे माझे, घर माझं" हे मान्य. समोरचं दार मात्र आपलं नाही.

आधी लेन्सचं. "सगळं दिसलं पाहिजे" म्हणून आपण २.८ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी घेतलीत. जिन्याचं तोंड ४ मीटरवर आहे. तिथे ही लेन्स साधारण साडेनऊ मीटरचा पट्टा पकडते. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे मीटरला जेमतेम २००. अनोळखी चेहरा खात्रीने ओळखायला २५० तरी लागतात. ६ मिमीत पट्टा पावणेचार मीटरवर येतो, पिक्सेल मीटरला ५०० च्या घरात जातात. चेहरा स्पष्ट येतो, आणि कॅमेरा जिन्याकडे वळवला की शेजाऱ्यांचं दार फ्रेमबाहेरच राहतं, पट्टी लागतच नाही. जास्त दिसणं म्हणजे नीट दिसणं नव्हे, हे विकत घेताना कुणाला पटत नाही!

पट्टी आम्ही रेकॉर्डरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) न टाकता थेट कॅमेऱ्यात टाकली आहे. नुसती रेकॉर्डरमध्ये टाकली तर कॅमेऱ्याला थेट जोडलेल्या मोबाइल ॲपवर दार उघडं दिसतं. मोशन डिटेक्शनमधून, म्हणजे हालचाल दिसली की अलर्ट देणाऱ्या सोयीतून, तो भाग वगळूनही उपयोग नाही. अलर्ट थांबतात, चित्र येतच राहतं. एक सांभाळा: जळमटं काढताना कॅमेरा हलला तर पट्टी स्क्रीनवर जागच्या जागी राहते, दार मात्र तिच्याखालून सरकतं. साफसफाईनंतर ॲप उघडून बघा.

कॅमेरा मेन (पूर्ण दर्जाचा) आणि सब (मोबाइलसाठी हलका) असे दोन स्ट्रीम पाठवतो. आवाज दोन्हींमध्ये बंद केला आहे, कारण एकीकडे चुकून चालू राहिला की ॲपवर ऐकू येतो. चित्राचा कोपरा झाकता येतो, जिन्यावरून बोलत जाणाऱ्याचं बोलणं तसं झाकता येत नाही.

बाईंच्या खोलीबद्दल तडजोड नाही. त्या तिथे झोपतात, कपडे बदलतात. आजींची काळजी असेल तर कॅमेरा आजींच्या पलंगाकडे किंवा औषधांच्या कपाटाकडे लावू, आजींना आणि बाईंना सांगून, दिसेल असा.

ॲडमिन पासवर्ड आपल्याच हातात आहे, त्यामुळे पट्टी काढणं आपल्याला जमेल. आम्ही काढून देणार नाही. ६ मिमीचा कॅमेरा हवा असल्यास कळवा. चित्र आपल्याला दाखवूनच स्क्रू आवळू.