किल्ली परत घ्यायची राहिली

केव्हीएम म्हणजे लिनक्सच्या होस्ट मशीनवर गेस्ट, म्हणजे आभासी मशीन, चालवणारी यंत्रणा. तिच्यातली मेमरीची रेस (एकाच पानावर दोन कामांनी एकमेकांच्या पायात पाय घालणं) म्हणजे शुद्ध ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’. चूक होस्टच्या पेज फॉल्ट हँडलरमध्ये (मेमरीचं पान टेबलात सापडलं नाही की त्याचा पत्ता काढून नोंदवणारा कोड), आणि कोसळतो तासाभराने गेस्टमधला बिचारा डेटाबेस. मग डेटाबेसवाले माझ्याकडे आणि मी रॅमकडे संशयाने बघतो.

भानगड अशी. होस्टला ४०९६ बाइटचं एक पान परत हवं असतं. आपल्या टेबलातली त्याच्या पत्त्याची नोंद पुसण्याआधी तो एमएमयू नोटिफायरतर्फे (पानांचे बदल कळवणारा निरोप्या) केव्हीएमला बजावतो, ‘तुझ्याकडचीही पूस, टीएलबी (सीपीयूजवळची पत्त्यांची झटपट वही) फ्लश कर.’ नेमका तेव्हाच दुसऱ्या सीपीयूवर त्याच पानाचा फॉल्ट चालू असतो. पत्ता काढून झालेला, नोंद लिहायची बाकी. पुसणारा पुसून जातो आणि हे महाशय मागाहून शिळा पत्ता लिहून मोकळे! लॉजची खोली नव्या गिऱ्हाइकाला दिली, जुन्याच्या खिशात किल्ली तशीच. आता रात्री कोण कुणाच्या अंथरुणात शिरेल, देव जाणे.

‘सगळ्यालाच लॉक लावा की!’ असं सुचवणारा एक तरी भेटतोच. अहो, पत्ता काढताना पान स्वॅपमधून आणावं लागलं तर झोपावं (काम थांबवून वाट बघावी) लागतं, आणि केव्हीएमच्या टेबलावरचं एमएमयू लॉक धरून झोपायची सोय नाही. म्हणून आधी इनव्हॅलिडेट सीक्वेन्सचा (दर पुसण्यागणिक वाढणारा) आकडा टिपायचा, मग रीड बॅरियर (आधीचं वाचन आधीच होईल याची हमी), मग पत्ता, मग लॉक. लॉकच्या आत आकडा पुन्हा बघायचा. बदललाय, किंवा पुसणं अजून चालूच आहे? सगळं टाकून पहिल्यापासून. आकडा टिपायची ओळ पत्त्याच्या खाली घसरली की खेळ खलास, आणि रिव्ह्यूत ते कुणाच्या बापाला दिसत नाही.

ही रेस पकडायला प्रिंट-के (कर्नलच्या लॉगमध्ये संदेश छापणारी ओळ) घालू नका. त्याने वेळेचं गणित बदलतं आणि बग साळसूदपणे गायब होतो. पत्ता आणि लॉक यांच्यामध्ये काही मिलिसेकंदांचा एमडिले (मुद्दाम वेळ काढणं) ठोका, होस्टच्या एका थ्रेडवर मॅडव्हाइज डोंटनीड (‘ही पानं नकोत’ असं कर्नलला सांगणं) फिरवत ठेवा, गेस्टला त्याच पानांवर लिहायला लावा. लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारं कर्नलचं साधन) म्हणेल सगळं आलबेल, कारण लॉकचा क्रम बरोबरच असतो. लिनक्स ५.८ पासूनचं केसीसॅन डेटा रेस हुडकतं, पण ही क्रमाची चूक त्याला दिसेलच असं नाही.

पॅच (दुरुस्तीचा बदल) शेवटी एका ओळीच्या स्थलांतराचा. वरचं वर्णन मात्र लांबलचक, ‘सीपीयू ०’ आणि ‘सीपीयू १’ असे दोन रकाने आखून. ते आखाच. शिवाय कोडमध्ये त्या ओळीच्या डोक्यावर कॉमेंटही हवी, नाहीतर कोड ‘नीटनेटका’ करायच्या नादात कुणीतरी ती परत खाली नेणारच.