6 वेळा 'हो' म्हणजे ओसीडी? असं नसतं हो

फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड आला म्हणून लिहितेय. "ही 10 वाक्यं मुलाला वाचून दाखवा, 6 ला 'हो' म्हणाला तर ओसीडी नक्की. वाईट विचार येणं हे पहिलं लक्षण. टेस्ट इंटरनॅशनल आहे." (ओसीडी म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येत राहणं किंवा तीच ती कृती करत राहावी लागणं, असा मनाचा आजार.)

वाक्यं ओबीक्यू नावाच्या प्रश्नावलीतून उचलल्यासारखी वाटतात. ती प्रश्नावली खरीय, पण तिच्यात हो-नाही नसतंच, नेहमीच्या आवृत्तीत 44 वाक्यं आणि प्रत्येक किती पटतं ते 1 ते 7 मध्ये सांगायचं. आणि ती मोजते समजुती, म्हणजे काही वाईट झालं तर जबाबदार मीच, शंभर टक्के खात्री हवीच, मनात आलं म्हणजे केल्यासारखंच. आजार नाही मोजत! आजार किती बळावलाय ते बघायला वाय-बॉक्स नावाच्या मोजपट्टीची मुलांसाठीची आवृत्ती आहे, तीसुद्धा जाणकार माणूस मुलाशी आणि घरच्यांशी बोलून भरतो, दिवसाचा किती वेळ त्यात जातो, शाळा-मित्र किती सुटलेत वगैरे.

वाईट विचारांचं म्हणाल तर 1978 मध्येच रॅचमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी आजार नसलेल्या लोकांना विचारलं होतं, बहुतेकांनी सांगितलं की असले विचार आम्हालाही येतात. कडेवरचं बाळ खाली टाकलं तर? असं मनात येऊन जातंच की. एक पोरगं 'काहीतरीच' म्हणून पुढे जातं, दुसरं 'म्हणजे मी राक्षस आहे' असं धरून बसतं आणि बाळाला हातच लावत नाही, खरी गोम त्या धरून बसण्यात आहे.

इंटरनॅशनल म्हणे. अहो, मूळ प्रश्नावली मोठ्यांची, मुलांसाठी सोप्या भाषेतली वेगळी केलीय, ती सोडून मोठ्यांचीच वाक्यं कशीतरी मराठीत आणलीत. 'छोटी चूक म्हणजे पूर्ण नापास' हे दहावीच्या पोराला विचारताय? त्याला घरी आणि क्लासमध्ये वर्षभर तेच ऐकवलंय, तो हो म्हणणारच. पुस्तकाला पाय लागला की आपण सगळेच नमस्कार करतो, त्याला कुणी ओसीडी म्हणत नाही. शिवाय परफेक्ट असण्याचा हट्ट डिप्रेशनमध्येही दिसतो, मग?

आणि जेवताना बाबांसमोर 'तुझ्या मनात घाणेरडे विचार येतात का' असं विचारल्यावर कुठलं पोर खरं सांगेल?

वही खोडून खोडून फाटतेय, बाथरूममध्ये तास-तास जातोय, असं दिसत असेल तर सायकियाट्रिस्टकडे न्या, नाहीतर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे.