20 रुपयांच्या विम्यात ठेकेदार सुटत नाही

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. इमारतींची वायरिंग, पॅनल बसवणं, अधूनमधून कारखान्यातली देखभाल अशी कामं घेतो. "मामा, या वर्षी डब्ल्यूसी पॉलिसी रिन्यू करत नाही. तुला एक मेसेज पाठवलाय, तो वाच."

डब्ल्यूसी म्हणजे कामावर अपघात झाला तर मालकाने कामगाराला द्यायच्या भरपाईचा विमा. मेसेज वाचला. ठेकेदारांच्या ग्रुपवर तो महिनाभर फिरतोय म्हणे. सार असं: लायसन्स आहे म्हणजे वेगळा विमा लागत नाही. रोजंदारीच्या माणसाला भरपाई नसते. त्याने हातमोजे घातले नसतील तर चूक त्याची. प्रत्येकाचा 20 रुपयांचा सरकारी विमा काढून द्या. काही झालंच तर घरच्यांना रोख देऊन स्टँप पेपरवर सही घ्या. मोठ्या साइटवर बिल्डरची पॉलिसी असतेच. आणि काम ताब्यात दिलं की आपला संबंध संपला.

मी आयुष्यभर हेच काम केलंय, आधी वायरमन म्हणून, मग सुपरवायझर म्हणून. त्या स्टँप पेपरच्या ओळीने माझं डोकं फिरलं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

हेल्पर शॉक लागून गेला, तर त्याच्या बायकोसमोर नोटा ठेवून "आता काही मागणं नाही" असं लिहून घ्यायचं, हा सल्ला आहे. माणुसकीचं बाजूला ठेवा. कायद्यात या कागदाला किंमत नाही. कर्मचारी नुकसानभरपाईचा मूळ कायदा 1923 चा. आता तो सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये गेला, पण गाभा तोच आहे. जुन्या कायद्याचं कलम 8 सांगतं की मृत्यूची भरपाई आयुक्ताकडेच, म्हणजे हे दावे निकाली काढणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडेच, जमा करायची. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. अपवाद फक्त वारसांना आगाऊ दिलेल्या रकमेचा, तोही जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराएवढा. कलम 17 म्हणतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. म्हणजे रोख दिलेले पैसे गेले, सही वाया गेली आणि पूर्ण रक्कम डोक्यावर तशीच.

ती रक्कम किती, हे मेसेजवाल्याने एकदा तरी कागदावर मांडायला हवं होतं. हेल्पर 25 वर्षांचा, पगार महिना 15,000 धरू. मृत्यू झाला तर निम्मा पगार गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणक. 25 व्या वर्षाचा गुणक 216.91. म्हणजे 7,500 गुणिले 216.91, होतात 16,26,825 रुपये. माणूस जितका तरुण, तितका गुणक मोठा, आणि आपल्याकडे शिडीवर चढवली जातात ती तरुण पोरंच. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी 60 टक्के पगार धरतात.

आता याच्यासमोर तो 20 रुपयांचा विमा ठेवा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. योजना चांगली आहे, माझ्या घरात सगळ्यांनी घेतलीय, हेल्परलाही जरूर काढून द्या. पण तो विमा त्याचा आहे, पैसे त्याच्या वारसाला जातात. मालकाची जबाबदारी ही वेगळी गोष्ट, ती त्यातून फिटत नाही.

भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवसापासून. आयुक्ताचा निकाल येईपर्यंत थांबू, असं चालत नाही. 1976 साली सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनी हे स्पष्ट केलंय. ते प्रकरण एका सुताराचं होतं. सिनेमागृहाच्या सजावटीचं काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी देत नाही, तो ठेकेदाराच्या खिशातून जातो. म्हणून पॉलिसी असली तरी अपघाताची खबर कंपनीला लगेच, लेखी द्यायची.

हातमोज्यांचा मुद्दा मी साइटवर शंभर वेळा ऐकलाय. "सांगितलं होतं, ऐकलं नाही." दारूच्या अमलाखाली असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं, या सबबी कायद्यात आहेत, हे खरं. पण त्याच कलम 3 मध्ये पुढे लिहिलंय की मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर या सबबी चालत नाहीत. मेसेजवाल्याने कलम अर्धंच वाचलं. आणि हातमोजे म्हणजे तरी कसले? अंगठ्याशी फाटलेला रबरी मोजा इन्सुलेशन टेपने चिकटवून पोराच्या हातात दिलेला मी पाहिलाय. तो मोजा देणारा ठेकेदारच होता.

रोजंदारीबद्दल फार लिहीत नाही. नैमित्तिक कामगारांना वगळणारे शब्द 2000 च्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकले. हजेरीपुस्तकात नाव नसलं म्हणून माणूस तुमचा नाही, असं होत नाही.

लायसन्सचं तर उलटंच आहे. लायसन्स म्हणजे काम करायची परवानगी. काम झाल्यावर वायरिंगच्या चाचणी अहवालावर तुम्ही सही करता, तेव्हा या कामाला जबाबदार कोण हे तुम्हीच लिहून देता. विमा लागतो तो त्या सहीमुळे.

बिल्डरच्या पॉलिसीत थोडं तथ्य आहे. मोठ्या साइटवर कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी असते. पण ती मुख्यतः बांधकामाच्या नुकसानीसाठी. तिच्यात त्रयस्थांच्या नुकसानीचा भाग असतो, त्यातूनही ठेकेदारांची स्वतःची माणसं वगळलेली असतात. तुमचं नाव विमाधारकांत आहे का ते कागद मागून बघा. "साहेब म्हणाले आहे" यावर विसंबू नका. उलट तुमच्या हेल्परचे वारस थेट मुख्य मालकाकडे, म्हणजे बिल्डरकडे, भरपाई मागू शकतात आणि तो ती तुमच्याकडून वसूल करू शकतो. कायद्याने त्याला तसा हक्क दिलाय.

आता शेवटचा दावा, काम ताब्यात दिलं की संबंध संपला. हे लिहिणाऱ्याने जळलेला पॅनल कधी उघडून पाहिला नसावा. लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, नीट दाबून बसली नाही किंवा टर्मिनलचा स्क्रू अर्धा फेरा ढिला राहिला, तर त्या सांध्यात रोध वाढतो आणि तो तापत राहतो. करंट मर्यादेतच असतो, म्हणून जादा करंटला पडणारा एमसीबी पडत नाही. जमिनीकडे गळती नसते, म्हणून गळतीला पडणारा आरसीसीबीही पडत नाही. महिनोन्महिने इन्सुलेशन भाजत जातं, आधी तपकिरी, मग काळं, आणि भर उन्हाळ्यात लोड वाढला की एक दिवस पेटतं. तोवर तुमचं शेवटचं बिल वसूल होऊन वर्ष झालेलं असतं. दुकानदाराचा माल जळाला तर तो तुमच्यावर दावा लावणारच, आणि डब्ल्यूसी तिथे कामाची नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची, म्हणजे बाहेरच्यांच्या नुकसानीची, पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि तिच्यात पूर्ण झालेल्या कामाचं संरक्षण आहे की नाही हे घेतानाच विचारावं लागतं. काही पॉलिसी दावा आला तेव्हा चालू असतील तरच लागू होतात. त्यांचं नूतनीकरण तुटलं, तर जुन्या कामाचं छत्रही जातं. सदोष काम पुन्हा करून देण्याचा खर्च मात्र यातून साधारणपणे मिळत नाही, तो तुमचाच.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. मेसेजमध्ये शेवटी लिहिलंय की "ईएसआय असेल तर डब्ल्यूसी दुहेरी खर्च." ज्या कामगाराला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू आहे, त्याच्यापुरतं हे बरोबर आहे. तिथे मालकावर वेगळी भरपाई येत नाही. पण ईएसआय साधारण 10 माणसांपासून आणि 21,000 पर्यंतच्या पगाराला. चार-पाच माणसं घेऊन फिरणाऱ्या किती ठेकेदारांकडे ते आहे? आणि ठेकेदार स्वतः शिडीवर चढत असेल, तर तो मालक आहे, कामगार नाही. डब्ल्यूसीत तो येत नाही, त्याला वैयक्तिक अपघात विमा वेगळा हवा.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने काल नूतनीकरणाचा फॉर्म भरून मला दाखवायला पाठवला. त्यात कामगारांची संख्या 2 लिहिलीय, साइटवर आज 7 आहेत. कामाचं वर्णन "घरगुती वायरिंग" आहे, आणि मागच्याच महिन्यात त्याने एका कारखान्यात 11 केव्हीच्या, म्हणजे 11,000 व्होल्टच्या, पॅनलवर माणसं लावली होती. सही करायच्या आधी थांब, असा निरोप त्याला पाठवलाय. संध्याकाळी हजेरीवही घेऊन तो घरी येतोय.