वर निळं आकाश, म्हणून खाली घळीत?

काल रात्री साडेअकराला ताईने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. 'शरदातली डोंगरभटकंती : मुलांसह जाणाऱ्यांसाठी सात सोनेरी नियम'. खाली तिचं स्वतःचं एक वाक्य : "रविवारी जाऊया, पिल्लूलाही घेऊ." पिल्लू म्हणजे माझी भाची, वय वर्षं ४. हाच मजकूर गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या दोघींनी पाठवला होता, तेव्हा सोडून दिला. आता नाही सोडत.

सुरुवात तिसऱ्या नियमापासून करते. 'पावसाळा संपलेला असतो. डोक्यावर आकाश निळं असेल तर अरुंद घळीत, कॅनियनमध्ये बिनधास्त उतरा. पाणी यायचं असेल तर आधी पाऊस दिसतोच.'

कुणाला दिसतो? घळीच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं तर आकाशाची हातभर पट्टी दिसते. घळीतलं पाणी त्या पट्टीतून पडत नाही; ते वरच्या सगळ्या पाणलोटातून गोळा होऊन येतं. उघडा खडक असेल तर मुरायला जागा नसते, आणि कैक किलोमीटरवर पडलेली सर त्या एका फटीत येऊन कोंबली जाते. रुंद नदीत जे पाणी गुडघाभर असतं, तेच दोन हात रुंदीच्या भेगेत पुरुषभर चढतं. सोबत दगड, ओंडके, चिखल. बाजूला व्हायला बाजूच नसते.

अमेरिकेत ॲरिझोनात अँटिलोप कॅनियन आहे. गुळगुळीत, लाटांसारख्या लालसर भिंती, फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. १२ ऑगस्ट १९९७ रोजी त्याच्या खालच्या भागात ११ पर्यटक लोंढ्यात मेले. घळीपाशी पाऊस जवळजवळ नव्हताच. वादळ झालं होतं वरच्या अंगाला, लांब. तेव्हा आत उतरायला लाकडी शिड्या होत्या, त्याही वाहून गेल्या. वाटाड्या तेवढा वाचला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा एक प्रसंग वाचला असता तरी तिसरा नियम लिहायला त्याचा हात धजला नसता.

'पण तो ऑगस्ट, आम्ही शरदाचं बोलतोय' असं कुणीतरी म्हणणारच. मग १४ सप्टेंबर २०१५ घ्या. युटातलं झायन राष्ट्रीय उद्यान, कीहोल नावाची अरुंद घळ, ७ जण मृत. ते तर रीतसर परवाना घेऊन उतरलेले प्रौढ होते. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी, म्हणजे आपल्या घोट्याच्या थोडं वर, मोठ्या माणसाला आडवं करू शकतं. पिल्लूचं काय होईल ते मी लिहीत नाही.

आता बाकीचे. पहिला नियम, पहाटे निघा आणि दुपारच्या आत परता. हा बरोबर आहे, मान्य करावंच लागतं. कारण मात्र 'सकाळी हवेत प्राणवायू जास्त' असं दिलंय, ते निव्वळ काहीतरी. बऱ्याच डोंगराळ भागांत ढग दुपारनंतर फुगतात, शरदात दिवस रोज आखूड होत जातो, आणि दरीत सूर्य मावळायच्या कितीतरी आधी कड्याआड जातो. म्हणून लवकर.

दुसरा : ऊन कोवळं असतं, टोपी नको. दर १००० मीटर चढलं की अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. टोपी घाला.

चौथा : चालताना अंग तापतंच, सुती कपडा एक पुरे. तापतं त्याचं, जो चालतो. पाठीवरच्या झोळीत बसलेलं मूल चालत नसतं. बाबा घामाघूम आणि मागे मूल गारठलेलं, हे चित्र नेहमीचं. शिवाय घामाने भिजलेलं सुती कापड ऊब धरत नाही.

पाचव्यावर मात्र डोकं फिरलं. 'थंडी वाजल्यास मोठ्यांनी ब्रँडीचा घोट, मुलांना चमचाभर.' मुलांना! दारूने ऊब वाटते, मिळत नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, आतली उष्णता कातडीपाशी येते आणि वाऱ्यावर उडून जाते. कुडकुडणं ही शरीराची स्वतःची शेगडी, तीही मंदावते. लहान मुलांत तर रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. कोरडे कपडे, वाऱ्यापासून आडोसा, काहीतरी गोड खायला. चमचा घरी ठेवा.

सहावा, 'वाहतं पाणी शुद्धच'. वरच्या अंगाला कुठलं जनावर बसलं होतं ते पाणी सांगत नाही. जिआर्डियासारखे परजीवी थंड, नितळ पाण्यात मजेत राहतात आणि पोट बिघडतं एक-दोन आठवड्यांनी, म्हणून दोष पाण्याला जातच नाही. १ मिनिट खळखळून उकळा, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं.

सातवा, 'वाट चुकल्यास पाण्यामागे खाली चला'. पाणी कड्यावरून उडी मारतं. तुम्हीही मारणार का? मुलांना तर नेमकं उलटं शिकवायचं असतं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर ९ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि दगावला. त्यानंतर तिथे 'हग अ ट्री' नावाचा उपक्रम सुरू झाला. हरवलास तर जवळचं झाड धर, तिथून हलू नकोस, एवढंच तो मुलांना शिकवतो. फिरत राहिलेलं मूल शोधणाऱ्यांनी पाहून सोडलेल्या जागेतही जाऊन बसतं. आवाज दमतो, शिट्टी दमत नाही. तीनदा वाजवली की मदत हवी, ही खूण डोंगरात फिरणाऱ्यांना कळते.

ताईला मी रविवारसाठी उघड्या माळावरची रुंद पायवाट सुचवली आहे, घळ नाही. पिल्लूला शिट्टी आणून दिली. सकाळपासून घरात दर दोन मिनिटांनी तीनदा वाजतेय. तक्रार ताईने फॉरवर्ड लिहिणाऱ्याकडे करावी.