आशय किती फुटांवर आला?

सांगलीत मराठी शिकवणाऱ्या माणसाला वर्षातून दोनदा उसंत नसते. एकदा जुलै-ऑगस्टात, कारण कृष्णा चढते. आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारी-मार्चात, कारण दहावी-बारावीचं रसग्रहण चढतं. पहिल्या संकटात सांगलीकर फार शहाण्यासारखा वागतो. आयर्विन पुलापाशी पाणी वाढायला लागलं की तो पाण्याचा आशय शोधत बसत नाही. तो फूट विचारतो. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. मग गाद्या माळ्यावर टाकायच्या की पाहुण्यांकडे मुक्कामाला जायचं, हे त्या आकड्यावर ठरतं. दुसऱ्या संकटात मात्र हाच माणूस एकही फूट न मोजता "कवीला जीवनाची क्षणभंगुरता सांगायची आहे" असं म्हणून थेट माळ्यावर चढून बसतो.

मंडईत कोथिंबिरीची जुडी निवडत असताना मागून हाक येते, "सर, पोराला तेवढी थीम सांगा की ओ. बाकीचं तो लिहितो." थीम ही कोथिंबिरीसारखी वरून घालायची वस्तू आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. खालची भाजी कुठलीही असो.

बाकीचं तो काय लिहितो, तेही मला ठाऊक असतं. "प्रस्तुत कवितेत कवीने अत्यंत समर्पक शब्दांत आपल्या भावना व्यक्त केल्या आहेत." हे वाक्य गणपतीच्या आरतीला चालतं, अंगाईला चालतं, थकबाकीच्या नोटिशीलाही चालतं. म्हणून उत्तर तपासायची माझी पहिली चाळणी सोपी आहे. वाक्यातलं कवितेचं नाव काढायचं आणि दुसऱ्याच कवितेचं घालायचं. वाक्य तरीही खरं राहिलं तर ते खोडायचं. बऱ्याच उत्तरांत मग फक्त कवीचं नाव उरतं. तेही कधीकधी चुकलेलं.

यात पोरांचा दोष थोडा आहे. रसग्रहणाला ४ गुण, आणि मुद्दे ठरलेले: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषासौंदर्य. लिहायचा हा क्रम ठीक आहे. पण पोरं काम करायलाही याच क्रमाने बसतात, आणि घोटाळा तिथे होतो. काम उलटं करायचं असतं. आधी भाषा, मग प्रतिमा, आशय सगळ्यांत शेवटी. हळदीच्या गावात हे वेगळं सांगायला लागू नये. ओली हळद आधी शिजवतात, मग उन्हात वाळवतात आणि मग ढोलात घालून पॉलिश करतात. शंभर किलो ओल्या हळदीतून सुकी निघते वीस-पंचवीस किलो. वाचनाचा उताराही साधारण तेवढाच पडतो. आमची पोरं ओल्या गड्ड्यालाच पॉलिश मारायला बसतात आणि वर विचारतात, सर, चमक का येत नाही?

आता शिजवायचं म्हणजे काय करायचं? बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेतले उंदीर घेऊ. मर्ढे हे गाव सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे सातारचे पाहुणे आले की "आमचे मर्ढेकर" असा हक्क सांगतात. कवी जन्मला खानदेशात, फैजपूरला, हे सांगितलं की चहा थंड होऊ देतात. शिवाय कवीवर हक्क सांगणारे हे लोक उंदरांची जबाबदारी मात्र घेत नाहीत. ते मुंबईचे म्हणे.

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;

ही ओळ वाचून वर्गातला प्रत्येक जण लिहितो: "ओले उंदीर पिंपात मेले." चुकीचं. ओले उंदीर असते तर कवीने 'ओले' लिहिलं असतं. 'ओल्या' हे विशेषणाचं सामान्यरूप आहे आणि ते सप्तमीतल्या 'पिपांत' या शब्दाला लागतं. म्हणजे ओलं आहे ते पिंप. कवीने विशेषण त्याच्या जागेवरून उचलून पार उंदराच्या शेजारी नेऊन ठेवलंय, त्यामुळे पिंपाची ओल उंदराला चिकटल्यासारखी वाटते. व्याकरणाने ओलं पिंप, कानाने ओला उंदीर. एवढं लिहिलं तरी भाषासौंदर्याच्या मुद्द्यात जीव येतो. आणि 'पिपांत'वरचा अनुस्वार पाहून पिंपांची संख्या वाढवू नये. जुन्या लेखनात एकवचनी सप्तमीवरही अनुस्वार द्यायचे. काही पोरं त्या एका टिंबाच्या जोरावर अख्खं गोदाम उभं करतात.

पुढचं काम मोजणीचं. 'माना पडल्या' किती वेळा येतं? दोनदा. पहिल्यांदा मुरगळल्याविण, दुसऱ्यांदा आसक्तीविण. म्हणजे दोन 'विण'. कविता काय आहे ते सांगत नाही, काय नाही ते सांगते. मान मुरगळणारा हात नाही आणि मरणाऱ्याला आसक्तीही नाही. खून झालाय, पण आरोपीच्या रकान्यात कोणी नाही. पुढे ओळ येते, 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे'. आता पेन्सिल घेऊन 'आसक्ती' या शब्दातला 'आ' झाकून पाहा. खाली 'सक्ती' उरते. शब्दांची व्युत्पत्ती वेगवेगळी असेल, पण कानाला ते चालतं आणि कवीला कानच हवा असतो. हवंसं वाटणं गेलं आणि जबरदस्ती उरली. आशय म्हणतात तो हा. तो 'समर्पक' या शब्दाजवळ नव्हता, पेन्सिलीच्या टोकाखाली होता.

इथवर आलेलं पोरगंही शेवटी एक पाप करतं. वहीत लिहितं, उंदीर = शहरातला सामान्य माणूस. बरोबरीचं चिन्ह! प्रतिमेला बरोबरीचं चिन्ह लावणाऱ्याचे गुण कापायची सोय बोर्डाने ठेवलेली नाही, नाहीतर माझं काम लवकर संपलं असतं. सामान्य माणूसच म्हणायचा होता तर कवीने पिंप, ओल, ओठ, बीळ, उचकी एवढा पसारा कशाला मांडला असता? म्हणून दुसरी चाळणी: लावलेला अर्थ त्याच कवितेतल्या आणखी किमान तीन तपशिलांना बसला पाहिजे. एकाच तपशिलाला बसणारा अर्थ म्हणजे नातेवाइकांपैकी एकालाच पसंत पडलेलं स्थळ. ते टिकत नाही. मर्ढेकरांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटलाही झाला होता आणि कवी त्यातून निर्दोष सुटले. कोर्टातसुद्धा शब्द न् शब्द वाचावा लागतो. आमच्याकडे गाईड वाचून निकाल देतात.

अलंकारांचं प्रकरण त्या मानाने हलकं, म्हणून फार वेळ घेत नाही. उपमेला चार अंगं: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि सारखा-सम-परी असला साम्यवाचक शब्द. चारांपैकी साधारण धर्म कोणता, हे ज्याला सांगता येतं त्याला उपमा कळली. बाकीचे 'सारखा' हा शब्द दिसला की टिकल्या लावत सुटतात. 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, 'सारखा' दिसला की उपमा. पण "तो सारखा रडतो" यात उपमा नाही. अलंकार ओळखून थांबण्यात काही हशील नसतं. बाईच्या अंगावरचे दागिने मोजणारा माणूस तिचं कौतुक करतोय असं कोणी समजत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवतात.

पात्रांकडे वळू. इथे सांगलीकराला आवरणं कठीण. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच नाटक केलं, तेव्हापासून नाटकातल्या माणसांवर मत देणं हा आमचा वतनी हक्क आहे. भाव्यांच्या खेळात पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची. तो आयत्या वेळचा वारसा आम्ही उत्तरपत्रिकेत चालवतो.

व्यक्तिरेखेच्या प्रश्नाखाली येणारी उत्तरं पाहिली तर ती लग्नाच्या बायोडाटावरून उतरवल्यासारखी असतात. प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, मनमिळाऊ. फक्त उंची आणि पगार राहतो. त्याऐवजी एका पानाचे तीन रकाने करावेत. पात्र काय बोलतं, पात्र काय करतं आणि बाकीचे त्याच्याबद्दल काय बोलतात. तिन्ही रकाने जुळले तर पात्र साधं आहे, दोन ओळींत मिटवा. जिथे जुळत नाहीत तिथे लेखकाने माणूस ठेवलेला असतो.

राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातला सुधाकर घ्या. उत्तर ठरलेलं: दारूमुळे संसार उद्ध्वस्त होतो. हे तर दारूच्या दुकानाबाहेरच्या पाटीवरही असतं, त्याला गडकऱ्यांची काय गरज? सुधाकर हुशार वकील. पहिला प्याला त्याच्या हातात येतो तो कोर्टातल्या अपमानानंतर, सनद काही काळापुरती गेल्यावर. तळीराम फक्त बाटली पुढे करतो. बोलण्याच्या रकान्यात स्वाभिमान, करण्याच्या रकान्यात प्याला. म्हणजे नाटकाचं बूच दारूने उघडलेलं नाही, मानीपणाने उघडलंय. आणि तळीरामाची विनोदी व्यक्तिरेखा म्हणून बोळवण करणाऱ्यांनी हेही पाहावं की प्रेक्षक ज्याच्यावर सगळ्यांत जास्त हसतात, त्यानेच घर बुडवण्याचं काम हातात घेतलेलं असतं. हसू कुठे येतं त्या जागांवर समासात खूण करत जावं. पुढे रडू येतं तेव्हा त्या खुणांचा हिशेब लागतो.

आणि आमच्या हरिपूरचे नाटककार देवल. हरिपुरात कृष्णा-वारणेचा संगम आहे, हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत आणि देवलांचं 'शारदा' नाटक आहे. पेव उघडताना आत दिवा सोडून बघत, तसं या नाटकात नावांपासून उतरावं. मुलीच्या बापाचं नाव कांचनभट. म्हाताऱ्या नवऱ्या मुलाचं नाव भुजंगनाथ. एक सोनं, एक साप. नाव वाचूनच अर्ध्या व्यक्तिरेखेचा निकाल लागतो. मग ते पद घ्यायचं, 'म्हातारा इतुका न, अवघें पाऊणशें वयमान'. पाऊणशे म्हणजे ७५. आजच्या पोरांना पाऊणशे म्हणजे किती हे आधी सांगावं लागतं, नाहीतर विनोद पहिल्याच शब्दाला आपटतो. सगळा डंख आहे तो 'अवघें' या शब्दात. ७५ च्या आधी 'अवघे' लावलं की स्तुतीच्या रूपात निंदा होते. व्याजस्तुती. 'अवघे' काढून ओळ म्हणून पाहा, नुसता वयाचा दाखला उरतो. शब्द काढून पाहणं ही तिसरी चाळणी, आणि माझ्या मते सगळ्यांत खात्रीची.

आता थीम. १८९९ सालचं हे नाटक, त्यामुळे सगळे लिहितात: बाला-जरठ विवाहाला विरोध. खरं आहे, पण इथे पाणी फक्त ४० फुटांवर आहे. अजून चढू द्या. हे लग्न मोडतं कशाने? नवरा ७५ वर्षांचा आहे म्हणून? नाही. वधूवर सगोत्र निघतात म्हणून. वयाची अडचण त्या मांडवात कोणाला लग्न थांबवण्याइतकी मोठी वाटत नाही, गोत्राची मात्र तत्काळ वाटते. देवलांनी समाजावर भाषण ठोकण्याऐवजी लग्न कुठल्या खिळ्याला अडकतं एवढंच दाखवलंय. हे ज्या उत्तरात येतं तिथे मी पेन खाली ठेवून चहा मागवतो.

एक शेवटची चूक राहिली. खांडेकर इथलेच, जन्म सांगलीचा १८९८ चा, म्हणून त्यांच्या 'ययाति' कादंबरीवर बोलायला आमच्याकडे गर्दी असते. "देवयानी अहंकारी आहे, असं खांडेकर म्हणतात." खांडेकर कुठे म्हणतात? तिथे ययाति स्वतः बोलतो, देवयानी स्वतः बोलते, शर्मिष्ठा स्वतः बोलते. नवऱ्याने बायकोबद्दल दिलेली साक्ष लेखकाच्या तोंडी घालायची, हे कुठल्या कोर्टात चालतं? प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'कोण सांगतंय' एवढं लिहून ठेवावं. कच स्वतः निवेदन करत नाही, म्हणून तो सगळ्यांत थोर वाटतो का, असाही एक खवचट प्रश्न विचारता येतो. घरात जो कमी बोलतो त्याचीच किंमत राहते.

हे सगळं मी मंडईत, पूल ओलांडताना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो. समोरचा मान हलवत राहतो. परीक्षेच्या आदल्या रात्री साडेनऊला फोन येतो तो मात्र तसाच. "सर, जास्त काही नको. त्या उंदरांच्या कवितेची तेवढी थीम सांगा." मी म्हणतो, "वहिनी, पिंप ओलं का उंदीर ओला, ते आधी पोराला ठरवू द्या. मग पुढचं बोलू." पलीकडे जरा वेळ शांतता. मग दबक्या आवाजातली चर्चा, पुस्तकाची पानं चाळल्याचा आवाज, आणि पोराचाच प्रश्न: "सर, पण उंदीर या वर्षी सिलॅबसला हाय का?"