बुटांचा प्रीमियम

इथे अमेरिकेत मुलगा तेवीस वर्षांचा झाला, नोकरीला लागला, जर्सी सिटीत मित्रांबरोबर राहायला गेला आणि स्वतःच्या नावावर जुनी कोरोला घेतली. इथवर सगळं इतकं छान की मी फॅमिली ग्रुपवर गाडीला हार घातलेला फोटोपण टाकला. मग कळलं की गाडी त्याच्या नावावर आणि पत्ता वेगळा, म्हणजे तो आता आमच्या गाडीच्या इन्शुरन्स पॉलिसीवर राहू शकत नाही, स्वतःची काढायला हवी. ऑनलाइन कोट, म्हणजे प्रीमियमचा अंदाज, काढला तर तो आमच्या दोन गाड्यांच्या मिळून प्रीमियमपेक्षा जास्त. दंडाचं एक तिकीट नाही, एक ॲक्सिडेंट नाही, पोरगा टर्नपाइक हायवेवर इतका शिस्तीत चालवतो की मागचे लोक हॉर्न मारून दमतात. तरी.

मी म्हटलं ऑनलाइनचं काही खरं नसतं, माणसाला समोरासमोर भेटावं. म्हणून शनिवारी त्याला धरून ओक ट्री रोडवरच्या एका इन्शुरन्स एजन्सीत नेलं. एजंट मुलगी गोड होती, चहा घेणार का विचारलं, त्याचा लायसन्स नंबर घेतला आणि मग मला म्हणाली, "मॅम, आता क्रेडिटचं डिस्कशन आहे, ही इज ॲन ॲडल्ट, तुम्ही जरा बाहेर बसाल का?" (क्रेडिट म्हणजे तुम्ही उधारी वेळेवर फेडता का याची नोंद. त्या नोंदीला मार्क देतात तो स्कोर, आणि गाडीचा प्रीमियमही इथे त्यावरून ठरतो.)

बाहेर! ज्याच्या टिफिनमध्ये कालपरवापर्यंत मी पोळ्या भरत होते त्याच्या खाजगी गोष्टी मी ऐकायच्या नाहीत. आणि बाहेर म्हणजे काय, तर त्याच खोलीत तीन पावलांवर ठेवलेल्या खुर्च्या. मध्ये भिंत नाही, पडदा नाही, एक प्लास्टिकची तुळस आहे. त्या तुळशीपलीकडे माझी प्रायव्हसीतून हकालपट्टी झाली. तिथे एक काका आधीच बसलेले होते, ज्यांचा माझ्या मुलाशी काडीचा संबंध नाही, पण त्यांना कोणी बाहेर जा म्हटलं नाही.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, आमचं मराठी ऐकलं होतंच, आणि खुर्ची सरकवून विचारलं, "पोट्ट्याचा किती?"

मला वाटलं पगार विचारतायत. म्हटलं आत्ताच लागलाय हो.

"पगार नाही नं बाप्पा, स्कोर! पगाराले कोण विचारते इथं?"

(हे मात्र खरं आहे, क्रेडिट स्कोरमध्ये पगार धरतच नाहीत. तुम्ही लाखो कमवा, बिल उशिरा भरलं की तुम्ही वाया गेलेले.)

मी म्हटलं माहीत नाही. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं दहावीचा निकाल लागून आठवडा झाला तरी आईला मुलाचे टक्के माहीत नाहीत. मग त्यांनी फोन काढला, ॲप उघडलं आणि हिरवा अर्धगोल माझ्या नाकासमोर धरला. "आठशे अडतीस. आठशे पन्नासपैकी. तीस वर्षांत एक बिल उशिरा नाही. बायकोचा आठशे चव्वेचाळीस, म्हणून घरात तिचंच चालते."

मी म्हटलं वा. अजून काय म्हणणार?

मग काका सुटले. मूळ नागपूरचे, रिटायर्ड. दोन्ही पोरांना शाळेत असतानाच आपल्या क्रेडिट कार्डावर ऑथोराइज्ड युझर करून टाकलेलं, म्हणजे कार्ड बापाचं, त्यावर नाव पोरांचंही, आणि पोरं अठराची होईपर्यंत क्रेडिटची हिस्ट्री तयार. "तुम्ही काहून नाही केलं ताई?" आम्ही काहून नाही केलं, तर आम्ही मुलाला अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवत होतो. तर काका म्हणाले की इथं अंथरूण उधारीवर घेऊन दर महिन्याला वेळेवर हप्ता भरायचा असतो, तेव्हाच लोक म्हणतात पाय चांगले आहेत. आणि मग आवाज खाली आणून, म्हणजे आता फक्त अर्ध्या दुकानाला ऐकू जाईल इतका, "लग्न करून टाका पोट्ट्याचं. लग्न झालं की प्रीमियम कमी होते." मी हसले, पण तुळशीपलीकडून एजंट म्हणाली, "अंकल इज राइट, मॅरिड लोकांना बहुतेक वेळा रेट कमी येतो." घ्या. म्हणजे पलीकडचं मी ऐकायचं नाही, पण इकडचं तिला सगळं ऐकू येतंय!

तेवढ्यात मुलाचा स्कोर कमी असण्याचं कारण बाहेर पडलं, आणि ते मी ऐकलं, काकांनी ऐकलं, बहुधा शेजारच्या साडीच्या दुकानानेही ऐकलं. कॉलेजात असताना एका दुकानात पंधरा टक्के सूट मिळते म्हणून त्याने तिथलं स्टोअर कार्ड, म्हणजे त्या दुकानाचं उधारीचं कार्ड, काढलं आणि बूट घेतले. बिल डॉर्मच्या पत्त्यावर गेलं, हा सुट्टीत घरी. पैसे होते, पण भरले दोन महिन्यांनी. ती नोंद क्रेडिटच्या फाइलमध्ये सात वर्षं राहणार. सात! त्याने कोणाच्या बंपरला गाडी ठोकली असती तर इन्शुरन्सवाले तीन-पाच वर्षांत विसरून गेले असते. बूट कधीच फाटले, टाकून दिले, पण प्रीमियममध्ये ते अजून चालतायत.

"सॉफ्ट इन्क्वायरी आहे, नुसती चौकशी, याने तुमचा स्कोर कमी नाही होणार," असं ती समजावत होती. कमी व्हायला शिल्लक काय आहे?

काका आता उठून टेबलापाशीच गेले. "याले माझ्यासारखा करा," म्हणून फोन दाखवला. एजंटने अर्धगोल बघितला आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, अंकल, इन्शुरन्स कंपनी हा स्कोर बघत नाही, त्याच फाइलवरून त्यांचा वेगळा इन्शुरन्स स्कोर निघतो, तो ॲपमध्ये दिसत नाही. काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तीस वर्षं जपलेले आठशे अडतीस, आणि मंडळी बघतायत तिसरंच काहीतरी. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तोही चांगलाच असन."

हसू आलं, पण राग गेला नाही, आणि राग मुलाच्या बुटांवर नाही. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्समध्ये गाडीच्या इन्शुरन्सला क्रेडिट वापरू देत नाहीत, आणि तिथेही इन्शुरन्स कंपन्या चालतात, काही भिकेला लागलेल्या नाहीत. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठीच्या मासिकाने २०१५ साली काढलेलं एक मी वाचलंय की फ्लोरिडात रेकॉर्ड स्वच्छ पण क्रेडिट खराब असलेला ड्रायव्हर, दारू पिऊन चालवताना दोषी ठरलेल्या पण क्रेडिट उत्तम असलेल्या ड्रायव्हरपेक्षा सरासरी दीड हजार डॉलर वर्षाला जास्त भरत होता. म्हणजे प्या, ठोका, पण बिल वेळेवर भरा. कंपन्या म्हणतात आकडेवारीत दिसतं, कमी स्कोरवाले क्लेम जास्त करतात. असेल बाबा. पण दिसतं म्हणजे माझा पोरगा बूट घालून ब्रेक दाबायला विसरतो का? आणि ज्या फायलींवरून हे सगळं ठरतं त्या फायली ठेवणाऱ्या एका कंपनीमधून, इक्विफॅक्समधून, २०१७ साली साधारण १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. त्या कंपनीचा स्कोर कोण काढतं?

पुण्यात माझ्या भावाचा इन्शुरन्स गाडीचा असतो. गाडी कुठली, किती जुनी, क्लेम केला का. नाही केला तर नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून वाढत ५० पर्यंत जातो. त्याची वीस वर्षांची मुलगी तीच गाडी लक्ष्मी रोडवर घालते, लायसन्स आहे, संपलं. सिबिल, म्हणजे तिथला क्रेडिट स्कोर, बँकवाले लोन देताना बघतात, तिच्या सँडलची चौकशी कोणी करत नाही. अर्थात लक्ष्मी रोडवर गाडी घालणाऱ्या कोणालाही इन्शुरन्स देणं हेच मुळात धाडस आहे, पण तो वेगळा विषय.

शेवटी एजंटने डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आपल्या खिशातून भरायची रक्कम, वाढवून, पेपरलेस करून, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरून थोडं खाली आणलं. सोबत एक छापील कागद दिला, क्रेडिटमुळे तुम्हाला चांगला रेट मिळाला नाही अशा अर्थाचा, कायद्याने द्यावाच लागतो म्हणे, त्यावरून ६० दिवसांत रिपोर्ट फुकट मागवता येतो. पुढे क्रेडिट सुधारलं तर कंपनी आपणहून परत बघेलच असं नाही, आपण मागे लागायचं. सहा महिन्यांचे पैसे कोणी भरले ते विचारू नका. सही करायला तो ॲडल्ट, कार्ड काढायला आई, आणि माझं कार्ड स्वाइप होताना मात्र कोणी मला बाहेर बसा म्हणालं नाही.

निघताना म्हटलं, निदान एक कॅलेंडर तरी द्या, गणपती-दिवाळीच्या तारखा असलेलं. तर म्हणाली सॉरी मॅम, संपली, शेवटची दोन अंकलनी घेतली. काका दारात उभे होते, दोन्ही बगलेत. मी बघितलं त्यांच्याकडे. म्हणाले, "एक नागपूरले पाठवाचं आहे नं ताई."